अनोळखी माणसांचा लिलाव

मराठींतील ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आलेला आहे. शब्द परका असला तरी व्यवहार मात्र घरचाच होऊन गेला आहे. देवळांतील प्रसादाच्या नारळापासून बाजार-समितीच्या आवारांतील कांद्यापर्यंत अनेक वस्तूंवर सवाल बोलले जातात, आणि ‘एकवार, दोनवार, तीनवार’ हे शब्द उच्चारले गेले म्हणजे सौदा पुरा झाला, असें लहान मुलालाहि समजतें. या व्यवहारांत माल, विकणारा आणि घेणारा हे तिन्ही एकाच जागीं, एकाच वेळीं, एकमेकांच्या दृष्टीसमोर असतात. शतकानुशतकें लिलावाचें सर्वसाधारण स्वरूप हेंच होतें. विसाव्या शतकाच्या अखेरच्या पांच वर्षांत ही अट सुटली. तिघांना एकत्र आणणारी जागाच नाहींशी झाली, आणि तरीहि लिलाव चालूं राहिला. तो कसा चालला, आणि त्यापायीं खरेदी-विक्रीच्या रीतींत काय पालटलें, हा अगदीं अलीकडचा इतिहास आहे. परंतु त्याचीं मुळें जुनीं आहेत.

प्राचीन रोममध्यें युद्धांतील लुटीचा लिलाव करावयाचा असला म्हणजे जमिनींत भाला रोवीत. भाला हें सत्तेचें चिन्ह. येथें घेतलेल्या मालावरील हक्काला राज्याचा आधार आहे, असें त्या भाल्यानें सुचविलें जाई. सतराव्या शतकांतील इंग्लंडांत मेणबत्तीचा लिलाव प्रसिद्ध होता. मेणबत्तीचा इंचभर तुकडा पेटवावयाचा, आणि ती विझण्यापूर्वीं ज्याची बोली शेवटची, त्याला माल द्यावयाचा, असा तेथील नियम. सॅम्युएल पेपिस या आरमार-खात्याच्या अधिकाऱ्यानें १६६२ सालच्या सप्टेंबरांत जुन्या जहाजांचा असा एक लिलाव पाहिला. त्यांत एक गृहस्थ दर वेळीं अगदीं शेवटच्या क्षणीं बोली करून बाजी मारी. त्याला कारण विचारतां त्यानें सांगितलें कीं, ज्योत विझावयाची असली म्हणजे धूर एकदम खालीं वळतो. तो वळतांक्षणींच बोलावें. पेपिसनें ही गोष्ट कौतुकानें आपल्या रोजनिशींत टिपून ठेविली. श्रोत्यांनींहि ती ध्यानांत ठेवावी. कारण हाच गृहस्थ पुढें साडेतीनशें वर्षांच्या सुमारास, निराळ्या वेषांत, पुन्हां भेटणार आहे.

अठराव्या शतकांत लंडनमध्यें लिलावाच्या नामांकित पेढ्या निघाल्या. सॉदबीची सुरुवात १७४४ सालची, ख्रिस्तीची १७६६ सालची. आतां भाल्याच्या जागीं पेढीचें नांव आलें. चित्र अस्सल आहे कीं नक्कल, हें पाहण्याची जोखीम पेढीच्या अब्रूवर येऊन पडली. एकोणिसाव्या शतकांत मात्र बाजाराचा ओघ दुसरीकडे वळला. पॅरिसमध्यें १८५२ पासून अरिस्तिद बुसिको यानें ‘बाँ मार्शे’ या दुकानांत वस्तूंवर ठराविक किंमतीच्या चिठ्ठ्या लावण्याची पद्धत नांवारूपाला आणली. घासाघीस संपली, लहानथोर सर्वांना एकच भाव मिळूं लागला. मोठ्या शहरांतून ही रीत रूढ होत गेली, आणि लिलाव हा चित्रें, जप्तीचा माल, फुलें, मासळी, धान्य अशा निवडक वस्तूंपुरता उरला. अडगळींतील जुनें घड्याळ विकूं पाहणाऱ्या सामान्य माणसाला पेढी दारांत उभी करीत नसे. त्याला गांवांतील जुन्या बाजाराचा व्यापारी देईल तीच किंमत घ्यावी लागे.

या परिस्थितींत १९९५ सालच्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत पिअर ओमिड्यार या तरुण संगणकतज्ज्ञानें हौसेखातर एक संकेतस्थळ उघडलें. ओमिड्यार हा पॅरिसमध्यें जन्मलेला, इराणी आईबापांचा मुलगा. त्या स्थळाचें नांव ‘ऑक्शन वेब’. तेथें विकली गेलेली पहिली वस्तु म्हणजे मोडलेला लेसर पॉइंटर होय. त्याला १४ डॉलर ८३ सेंट मिळाले. वस्तु मोडकी आहे हें घेणाऱ्याला समजलें आहे ना, अशी विचारणा ओमिड्यारनें केली, तेव्हां आपण मोडके लेसर पॉइंटरच जमवितों, असें त्या गृहस्थानें कळविलें. भावी पत्नीच्या गोळ्यांच्या डब्या जमविण्याच्या छंदासाठीं हें स्थळ निघालें, अशी एक गोड कथा पुढें पुष्कळ दिवस सांगितली जात असे. परंतु ती प्रसिद्धीसाठीं रचलेली होती, हें मागाहून उघड झालें. खरी कथा मोडक्या वस्तूचीच आहे, आणि तींतच या नव्या बाजाराचें मर्म आहे. एका गांवांत जिला कोणी विचारीत नाहीं, तिला सगळ्या जगांत एखादा तरी गिऱ्हाईक असतोच. प्रश्न फक्त त्याला ती दिसण्याचा होता.

स्थळावरील वर्दळ वाढल्यामुळें १९९६ च्या आरंभीं इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीनें महिना २५० डॉलर मागितले. तेव्हां ओमिड्यारनें विक्रेत्यांवर अल्पशी दलाली बसविली. लोकांनीं ती टपालानें मुकाट्यानें पाठवून दिली. १९९७ मध्यें स्थळाचें नांव ‘ईबे’ असें झालें. २४ सप्टेंबर १९९८ रोजीं कंपनीचे भाग १८ डॉलरांस विक्रीला निघाले, आणि त्याच दिवशीं त्यांचा भाव ४७ डॉलरांवर गेला.

या लिलावांत हातोडा नव्हता. ठरलेल्या मुदतीला तो आपोआप संपे. घेणाऱ्यानें आपली कमाल रकम गुप्तपणें नोंदवून ठेवावयाची. यंत्र त्याच्या वतीनें जरूर तेवढीच बोली वाढवीत जाई. त्यामुळें जिंकणाऱ्याला स्वतःच्या कमाल रकमेइतकी नव्हे, तर दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाच्या रकमेहून किंचित् अधिक किंमत पडे. अशा लिलावांत प्रत्येकानें आपल्या मनांतली खरी किंमत सांगणें हेंच हिताचें ठरतें, हें विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञानें १९६१ सालींच गणितानें दाखविलें होतें; त्याला १९९६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. टपालाचीं तिकिटें जमविणाऱ्यांच्या पत्राद्वारें होणाऱ्या लिलावांतून ही रीत अर्थशास्त्राच्या आधींच चालत आली होती.

गणित असें सांगत असलें तरी माणसें मात्र पेपिसच्या त्या गृहस्थासारखीं वागलीं. मुदत संपावयास कांहीं सेकंद उरले असतां बोली टाकण्याची चढाओढ सुरूं झाली. अॅल्विन रॉथ व अॅक्सेल ऑकेनफेल्स यांनीं २००२ सालीं या प्रकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. अॅमेझॉन कंपनीच्या लिलावांत शेवटीं बोली आली तर मुदत आपोआप पुढें ढकलली जाई. तेथें अशा उशिराच्या बोली फार कमी होत्या, ईबेवर फार जास्त. म्हणजे मेणबत्ती जाऊन घड्याळ आलें तरी, अंत निश्चित आहे असें दिसतांच धुराकडे डोळा लावून बसणारा मनुष्य बदलला नाहीं.

मग बदललें काय? पहिला बदल दुर्मिळतेचा. जी वस्तु आपल्या गांवांत एकच आहे, ती जगांत शेंकड्यांनीं असूं शकते, हें संग्राहकांना प्रथमच दिसूं लागलें. दुर्मिळ मानलेल्या कित्येक वस्तूंचे भाव त्यामुळें खालीं आले. उलट, भंगारांत जाणाऱ्या जुन्या यंत्राच्या सुट्या भागालाहि किंमत आली. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याचें भांडवल म्हणजे कोणती वस्तु कोठें मिळते आणि ती कोणाला हवी आहे, याची त्याची एकट्याची माहिती. ही माहिती चव्हाट्यावर आली.

दुसरा बदल याहून खोल आहे. न पाहिलेला माल, न पाहिलेल्या माणसाकडून, पैसे आगाऊ पाठवून घ्यावयाचा, हें व्यवहारज्ञानाच्या उलट होतें. भाला नाहीं, पेढी नाहीं, शेजारपाजार नाहीं. मग भरंवसा कशाचा? यावर ओमिड्यारनें १९९६ च्या फेब्रुवारींत तोड काढली. प्रत्येक सौद्यानंतर घेणाऱ्यानें व विकणाऱ्यानें एकमेकांविषयीं बरावाईट अभिप्राय जाहीरपणें लिहावा, आणि त्यांची बेरीज त्या व्यक्तीच्या नांवापुढें दिसावी. पेठेंतील दुकानदाराची जी अब्रू दोन पिढ्यांत जमत असे, तिचा येथें आंकडा झाला. या आंकड्याला बाजारांत किंमतहि होती. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, चांगला लौकिक असलेल्या एका विक्रेत्यानें जुनीं चित्रकार्डें कांहीं आपल्या नांवानें व तशींच दुसरीं नव्या, अपरिचित नांवांनीं विकलीं. लौकिकवान् नांवाला सरासरीनें सुमारें आठ टक्के अधिक भाव मिळाला.

तथापि आंकड्याला माणसाचे दोषहि चिकटले. १९९९ सालच्या सौद्यांचा अभ्यास केला असतां असें आढळलें कीं, सुमारें निम्म्याच खरेदीदारांनीं अभिप्राय लिहिले होते, आणि त्यांतील शंभरांत नव्याण्णव स्तुतीचे होते. वाईट लिहिलें तर समोरचाहि वाईट लिहील, या भीतीनें अनेकजण गप्प बसत. अखेर २००८ सालीं विक्रेत्यांना खरेदीदारांविरुद्ध प्रतिकूल अभिप्राय लिहिण्याची बंदी झाली. उघड लबाडीहि झाली. २००० सालीं कॅलिफोर्नियांत एका विक्रेत्यानें, प्रसिद्ध चित्रकार रिचर्ड डीबेनकॉर्न याचें वाटावें असें एक चित्र लिलावांत मांडलें, आणि साथीदारांसह आपल्याच मालावर खोट्या बोली करून भाव एक लाख पस्तीस हजार डॉलरांवर नेला. तो सौदा रद्द झाला व प्रकरण न्यायालयांत गेलें. ज्याला गांवांत तोंड दाखवावयाचें असतें, तो अशी गोष्ट करतांना दहा वेळां विचार करतो. नांव बदलून पुन्हां बाजारांत येऊं शकणाऱ्याला ती लाज नसते.

मग लबाडीची जबाबदारी बाजार भरविणाऱ्यावर किती, हा प्रश्न निघाला, आणि तो भारतांतहि आला. मुंबईंत २००० सालीं ‘बाझी डॉट कॉम’ हें लिलावाचें स्थळ सुरूं झालें, व २००४ सालीं तें ईबेनें सुमारें पांच कोटि डॉलरांस घेतलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, एका विक्रेत्यानें तेथें अश्लील चित्रफीत विक्रीस ठेविल्यावरून संस्थेच्या प्रमुखास दिल्ली पोलिसांनीं अटक केली. माल दुसऱ्याचा, पेटी बाजारवाल्याची; अपराध कोणाचा, यावर मोठा वाद माजला. माहिती-तंत्रज्ञान कायद्यांत २००८ सालीं दुरुस्ती होऊन अशा मध्यस्थांना, योग्य दक्षता घेतली असल्यास, अधिक संरक्षण देण्यांत आलें. भारतांतील ईबेचा कारभार २०१७ सालीं फ्लिपकार्टकडे गेला आणि २०१८ च्या ऑगस्टांत तें स्थळ बंद झालें.

दरम्यान मूळ अमेरिकन बाजारांतहि लिलाव मागें पडत होता. २००० सालींच ईबेनें ठराविक किंमतीला तत्काळ खरेदी करण्याची सोय ठेविली होती, आणि पुढील दशकांत अशा विक्रीनें लिलावाला मागें टाकलें. जुन्या, एकुलत्या एक वस्तूची किंमत ठरविण्यास लिलाव उपयोगी. पण कारखान्यांतून निघालेल्या नव्या मालासाठीं आठवडाभर मुदत पाहण्याची कोणाची तयारी नव्हती. बुसिकोची चिठ्ठी पुन्हां जिंकली. परंतु लिलावाबरोबर आलेला आंकडा मात्र मागें हटला नाहीं. आज भोजनगृह, भाड्याची मोटार, उतारूंची खोली, किंबहुना वैद्याचा दवाखाना, यांच्याहि नांवापुढें तारे आणि अभिप्राय दिसतात. अनोळखी माणसावर विसंबण्याची जी संवय लिलावानें लाविली, तिच्यावर आतां निम्मा शहरी व्यवहार उभा आहे.

रोमन भाल्यामागें राज्य होतें, लंडनच्या पेढीमागें तिचें नांव होतें. आंकड्यामागें मात्र दुसरें कोणी नसून सौदा करून गेलेलीं सामान्य माणसेंच आहेत. त्यांतील निम्मीं गप्प बसलीं, किंवा भिडेखातर गोड लिहून मोकळीं झालीं, तर तो आंकडा पुढच्या गिऱ्हाइकाला फसवितो. जुन्या बाजारांत खोट्या मापाचा बोभाटा करणें हें शेजारधर्माचें काम मानलें जाई. नव्या बाजारांत शेजारी दिसत नाहीं. पण तें काम संपलेलें नाहीं.