कोंबडी खुडूक बसली आहे की अडली आहे?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आपल्यापैकी अनेकांच्या परसात आजही चार-सहा गावठी कोंबड्या असतात. एखादी कोंबडी अंडी द्यायची थांबली आणि खुराड्यातून उठेना, की आपण सहज म्हणतो, "खुडूक बसली." बहुतेक वेळा ते खरेही असते. पण कधी कधी तिच्या पोटात अंडे अडकलेले असते. खुडूक कोंबडी तीन आठवडे बसली तरी चालते, अडलेली मात्र एक-दोन दिवसांत दगावू शकते. म्हणून हा फरक घरातल्या सर्वांना ठाऊक असावा.

फरक कसा ओळखावा

खुडूक कोंबडी अंग फुगवते, क्लक क्लक करते, हात लावला की चोच मारते. दिवसातून एकदा उठून दाणापाणी घेते आणि एकदाच मोठी, उग्र वासाची विष्ठा टाकते. तिचा तुरा जरा फिका पडला तरी डोळे तरतरीत असतात.

अडलेली कोंबडी मलूल असते. शेपटी खाली पाडून, पाय फाकवून उभी राहते. घरट्यात जाते, कुंथते, रिकामीच बाहेर येते. खाणे सोडते. विष्ठा होत नाही किंवा थोडी पातळ होते. चोच मारण्याचे त्राण तिच्यात नसते.

खुडूक मोडण्यासाठी कोंबडीला गार पाण्यात बुडवण्याची किंवा नाकात पीस खुपसण्याची रीत आपल्याकडे आहे. अडलेल्या कोंबडीला गार पाणी घातक ठरते. नाकातले पीस तर कोणत्याच कोंबडीला घालू नये.

घरी काय करावे

१. तिला इतर कोंबड्यांपासून वेगळी, उबदार व अंधाऱ्या जागी ठेवावी. पाणी जवळ असावे.
२. तान्ह्या बाळाच्या आंघोळीला घेतो तितके कोमट पाणी टोपात घ्यावे. कोंबडीचे पोट बुडेल असे १५ ते २० मिनिटे तिला त्यात धरावे. मग अंग पूर्ण कोरडे करावे.
३. शेपटीखाली, अंडे येण्याच्या वाटेवर थोडे खोबरेल लावावे.
४. पोट दाबू नये, अंडे आत फोडू नये. कवचाच्या तुकड्यांनी आत जखम होते.

दोन-तीन तासांत अंडे आले नाही, तर त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात न्यावे. कॅल्शियमचे औषध किंवा इंजेक्शन डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे. औषध दिल्यावर अंडी किती दिवस खाऊ नयेत, हेही विचारून घ्यावे.

लालसर मांस बाहेर आलेले दिसले, तर कोंबडीला ताबडतोब वेगळी करावी. रक्त दिसले की बाकीच्या तिथेच टोचतात.

पुन्हा होऊ नये म्हणून

एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते आणि कवच तयार व्हायला सुमारे २० तास लागतात. आहारातून ते मिळाले नाही, तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. नुसता उरलेला भात आणि भाकरीचे तुकडे तिला पुरत नाहीत. शिंपल्यांचा चुरा किंवा अंड्यांची वाळवून कुटलेली कवचे वेगळ्या वाटीत ठेवावीत. तिला हवी तेवढी ती खाते. पानाला लावायचा चुना देऊ नये, तो तोंड आणि अन्ननलिका भाजतो. पातळ किंवा पिलपिलीत कवचाची अंडी येऊ लागली, तर ती आधीची सूचना समजावी. अति लठ्ठ कोंबडीला आणि पहिल्यांदाच अंड्यावर आलेल्या तलंगेला हा त्रास होऊ शकतो, त्यांच्याकडे जास्त लक्ष ठेवावे.

एकाच वेळी अनेक कोंबड्यांची अंडी बंद झाली, जोडीला घरघर, हिरवी विष्ठा किंवा मान वाकडी दिसली, तर मानमोडी, म्हणजे राणीखेत, असू शकते. मग घरगुती उपाय करत बसू नये, दवाखान्याला लगेच कळवावे. या रोगाची लस मिळते, ती वेळच्या वेळी टोचून घ्यावी.