मुतवल्ली : मालक नव्हे, अमानतदार

मस्जिद, दर्गा किंवा कब्रस्तानचा कारभार पाहणाऱ्या माणसाला आपण मुतवल्ली म्हणतो. गावोगावी हा शब्द आदराने घेतला जातो. पण मुतवल्लीने हिशेब दाखवावा असे कोणी म्हटले, की सूर बदलतो. 'हा दीनचा मामला आहे, यात कायद्याची ढवळाढवळ नको,' हे उत्तर ठरलेले असते. हे उत्तर इतिहासाला धरून आहे का, हे तपासून पाहायला हवे.

सुरुवात खैबरपासून करावी लागते. हजरत उमर (रजि.) यांच्या वाट्याला तेथे जमीन आली. तिचे काय करावे, असे त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले. मूळ जमीन राखून ठेवावी आणि तिचे उत्पन्न दान करावे, असा सल्ला मिळाला. त्याप्रमाणे ती जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही, असे ठरले. रिवायतीचा एवढा भाग प्रत्येक वाझमध्ये ऐकायला मिळतो. त्याच रिवायतीतील पुढची अट मात्र क्वचितच सांगितली जाते. जमिनीची देखरेख करणाऱ्याने रीतीप्रमाणे त्यातून खावे, पण त्या आधारावर स्वतःची संपत्ती जमवू नये, ही ती अट. म्हणजे वक्फचा आणि मुतवल्लीवरील मर्यादेचा जन्म एकदमच झाला. हजरत उमर यांनी आपल्या पश्चात ही देखरेख आपली कन्या हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे सोपवली, हेही विसरू नये. मुतवल्लीपद पुरुषांची मिरास कधीच नव्हते. १९०७ साली प्रिव्ही कौन्सिलनेही स्त्री मुतवल्ली होऊ शकते असे मान्य केले.

पुढे हनफी फकीहांनी याच पायावर नियम बांधले. वक्फची मिळकत अल्लाहची. मुतवल्ली फक्त व्यवस्थापक. काझीच्या परवानगीशिवाय त्याने ती विकू नये, गहाण टाकू नये. शेतजमीन तीन वर्षांपेक्षा आणि घर एक वर्षापेक्षा अधिक मुदतीने भाड्याने देऊ नये. वक्फनाम्यात मोबदला ठरवलेला नसेल, तर उत्पन्नाच्या दशांशापर्यंत मेहनताना ठरवून घ्यावा. आणि मुतवल्लीने खयानत केली तर काझीने त्याला दूर करावे, मग तो स्वतः वक्फ करणारा का असेना! आज आपण ज्याला जबाबदारीचा कायदा म्हणतो, त्याचा गाभा इथे तयार आहे.

या व्यवस्थेचा कणा काझी होता. इंग्रजी अमलात तो मोडला. १८६३ च्या कायद्याने बंगाल आणि मद्रास इलाख्यांत सरकारने धार्मिक संस्थांच्या कारभारातून अंग काढून घेतले. १८६४ साली काझींच्या सरकारी नेमणुका बंद झाल्या. १८८० च्या कायद्याने काझी परत आला, पण तो निकाहासारख्या विधींपुरता. न्यायाचा किंवा कारभाराचा अधिकार त्याला राहिला नाही. विचारणारा गेला आणि मुतवल्ली मोकळा झाला. पुष्कळ ठिकाणी देखरेख वंशपरंपरेने आली आणि देखरेखीची हळूहळू मालकी झाली.

याच काळात वक्फवर दुसरे संकट आले. १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने, मुख्यतः कुटुंबाच्या लाभासाठी केलेले वक्फ रद्दबातल ठरवले. न्यायमूर्ती अमीर अली यांच्यासारख्या विद्वानांनी त्याला विरोध केला. अखेर बॅ. जिना यांनी मांडलेले विधेयक १९१३ साली संमत होऊन असे वक्फ वैध ठरले. या लढ्याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. पण वक्फ वाचवणे ही अर्धी गोष्ट झाली. वाचलेल्या वक्फचा हिशेब कोण घेणार, हा प्रश्न उरलाच होता.

तो प्रश्न मुंबईत एका गल्ल्यावरून उभा राहिला. दाऊदी बोहरा जमातीत सेठ चांदाभाई यांच्या कबरीला मोठी मान्यता होती. भाविक तेथील गल्ल्यात नजराणा टाकत. हा पैसा कोणाचा? १९१७ साली मुंबई उच्च न्यायालयात अॅडव्होकेट जनरलच्या नावाने दावा दाखल झाला. त्यामागे कोणी परके नव्हते. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यातील मंडळी, म्हणजे ज्यांनी नेरळ-माथेरानची छोटी रेल्वे बांधली त्याच घरातील लोक होते. प्रतिवादी होते जमातीचे धर्मप्रमुख सैयदना ताहेर सैफुद्दीन. आपण इमामाचे प्रतिनिधी आहोत आणि या मिळकतीबद्दल कोणालाही हिशेब देण्यास बांधील नाही, अशी त्यांची बाजू होती. न्यायमूर्ती मार्टिन यांनी १९२१ साली निकाल दिला. धर्मप्रमुख म्हणून त्यांचे स्थान न्यायालयाने नाकारले नाही. पण मस्जिद, कबर आणि गल्ला ही धर्मादाय मिळकत आहे आणि तिच्यापुरते ते विश्वस्त आहेत, म्हणून हिशेबाला बांधील आहेत, असे ठरवले. श्रद्धेतला अधिकार वेगळा आणि पैशाची जबाबदारी वेगळी, हा भेद येथे स्पष्ट झाला.

त्याच वर्षी लंडनमध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे मद्रासकडील एका हिंदू मठाचे प्रकरण होते. निकाल अमीर अली यांनी लिहिला. महंत काय किंवा मुतवल्ली काय, इंग्रजी कायद्यातील 'ट्रस्टी'प्रमाणे त्याच्याकडे मिळकतीची मालकी येत नाही. तो व्यवस्थापक आहे, असे त्यात सांगितले. फकीहांचे जुने सूत्रच इंग्रजी भाषेत परत आले.

मग १९२३ चा मुसलमान वक्फ कायदा झाला. मुतवल्लीने सहा महिन्यांच्या आत मिळकत, उत्पन्न आणि खर्च यांचे विवरण जिल्हा न्यायालयाला द्यावे, दरवर्षी हिशेब सादर करावा, असे बंधन आले. न दिल्यास पहिल्या खेपेला ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा चूक झाल्यास २,००० रुपयांपर्यंत दंड होता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, विवरण अपुरे वाटल्यास अधिक माहितीसाठी न्यायालयात अर्ज करण्याची मुभा कोणालाही होती. साध्या नमाज्यालाही विचारण्याचा हक्क मिळाला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आला. मंदिर, मस्जिद, अग्यारी, चर्च सर्वांना एकच धर्मादाय आयुक्त. त्याला जैन आणि पारशी संस्थांनी आव्हान दिले, तेव्हा १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने मोलाची रेषा आखली. नोंदणी आणि हिशेब मागण्याचा शासनाला अधिकार आहे; पण आयुक्तानेच धार्मिक संस्थेचा विश्वस्त होऊन बसणे, किंवा धर्मकार्याचा पैसा भलत्या कामाकडे वळवणे घटनेत बसत नाही. कायद्याने विचारावे, पण गादीवर बसू नये, असा त्याचा अर्थ.

वक्फ कायदा १९९५ साली नव्याने झाला आणि २००२ साली महाराष्ट्राचे वक्फ मंडळ स्थापन झाले. ही स्थापना उच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द केली; सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निकाल फिरवला. २०२५ च्या दुरुस्तीने कायदा पुन्हा बदलला आणि त्यातील काही तरतुदींना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली. या दुरुस्तीविषयी शंका घेण्यास जागा आहे. सरकार हिशेब मागते आहे की गादी, हे १९५४ च्या कसोटीवर जरूर घासून पाहावे. पण ही कसोटी दोन्ही बाजूंना लागते. गादी राखायची, तर आधी वही उघडावी लागेल.

जबाबदारी केवळ पैशाची नाही. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने इमामांना वेतन देण्याबाबत आदेश दिला. ज्याच्या मागे आपण रोज नमाज पढतो त्याच्या घरी चूल पेटते की नाही, हे कोर्टाला विचारावे लागले! २०१६ साली हाजी अली दर्ग्याच्या विश्वस्तांनी स्त्रियांना मजारजवळ जाण्यास घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने उठवली. दर्ग्यात पूर्वी स्त्रिया जात होत्या. विश्वस्तांना कारभाराचा अधिकार आहे, भाविकांचे हक्क कापण्याचा नाही. दोन्ही वेळा दाद मागणारे मुसलमानच होते. गल्ल्याच्या दाव्यातही तेच होते.

म्हणून हिशेब मागणाऱ्याला जमातीचा दुश्मन ठरवणे हे आपल्या इतिहासाला सोडून आहे. अमानत ज्याची त्याला पोहोचवा, ही कुरआनची शिकवण आहे आणि यतीमाचा पालक सधन असेल तर त्याने त्याच्या मालाला हात लावू नये, ही ताकीदही तेथेच आहे. कायदा चोरी पकडू शकतो, पण नियत घडवू शकत नाही. ते काम जमातीचे. वर्षातून एकदा जुम्याच्या नमाजीनंतर जमा-खर्च वाचून दाखवायला कोणत्याही सरकारी परवानगीची गरज नाही. जे मुतवल्ली हे आपणहून करतात, त्यांच्या दारी कायदा सहसा येत नाही.