मामाचा फ्रीज: काय जुनं ठेवायचं आणि काय नाही

आजचा भाग एका जुन्या फ्रीजबद्दल आहे. हा फ्रीज मला कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या मामाच्या वर्कशॉपमध्ये सापडला. सापडला म्हणजे काय, लहानपणापासून तिथेच होता. गोल कोपरे, जाड पत्रा, जड दार. कंपनीच्या नावाची पट्टी कधीच गळून पडलेली. थंड करायचं काम त्याने माझ्या जन्माआधीच सोडलं होतं. आत वेल्डिंगचे रॉड असायचे आणि शंभर वॉटचा एक बल्ब दिवसरात्र जळत असायचा.

एकदा शहाणपणा करून मी मामाला म्हणालो, "मामा, वीज किती जाते! एलईडी लावा की." मामा हसले. "आरं, त्यो बल्ब उजेडासाठी न्हाई, उबेसाठी हाय." रॉडला ओल धरली की वेल्डिंग बिघडतं. फ्रीजच्या भिंतींत काचेच्या लोकरीचा थर असतो. तो बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, तसाच आतली ऊबही बाहेर जाऊ देत नाही. म्हणून बंद पडलेला फ्रीज वर्कशॉपवाल्याला उपयोगी पडतो. तुम्हाला जुना फ्रीज हवा असेल तर भंगारवाल्याकडे जाण्याआधी अशा वर्कशॉपमध्ये विचारून बघा.

मी ठरवलं, हा फ्रीज चालू करायचा. मामांची अट एकच होती: "माझ्या रॉडांची सोय आधी कर."

मल्टीमीटर लावला. कॉम्प्रेसरची वाइंडिंग शाबूत निघाली. जळला होता तो मोटर सुरू करून देणारा रिले, आणि वायर उंदरांनी कुरतडलेली. मी खूश. मामांच्या ओळखीचे एक फ्रीज मिस्त्री आले, सत्तरीचे. त्यांनी पाहिलं आणि हॅक्सॉ मागितली. "पाइप कापतो, जुना गॅस सोडून देतो, नवा भरू." कॉम्प्रेसरच्या पाटीवर लिहिलं होतं: आर-१२. मी म्हटलं, "काका, थांबा जरा." का थांबवलं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

फ्रीजचं तत्त्व माठाचंच. माठातलं पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि जाताना ती उष्णता घेऊन जाते. फ्रीजमध्ये पाण्याऐवजी असा पदार्थ लागतो जो खूप कमी तापमानाला उकळेल. आतल्या नळीत तो उकळतो आणि अन्नाची उष्णता शोषतो. कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो, मागच्या काळ्या जाळीत ती उष्णता बाहेर टाकते, पुन्हा द्रव होते आणि परत आत जाते. माठातलं पाणी उडून जातं, इथे तेच द्रव्य फिरत राहतं. म्हणजे सगळा प्रश्न हाच, की ते द्रव्य कोणतं घ्यायचं.

सुरुवातीला मिळालेली सगळी द्रव्यं वाईट होती. अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो, पण विषारी. मिथाइल क्लोराइड उणे २४ ला, तोही विषारी, वर पेट घेणारा आणि वास इतका मंद की गळती कळतच नाही. सल्फर डायऑक्साइड उणे १० ला उकळतो. विषारी तोही आहे, पण नुकत्याच ओढलेल्या काडीसारखा त्याचा वास इतका झोंबतो की माणूस आधी घराबाहेर पळतो. त्याची हीच जमेची बाजू!

१९२७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने 'मॉनिटर टॉप' आणला तो मुख्यतः याच सल्फर डायऑक्साइडवर. डिझाइन ख्रिश्चन स्टीनस्ट्रपचं. कपाटाच्या डोक्यावर गोल यंत्र. ते लोकांना यादवी युद्धातल्या 'मॉनिटर' या लोखंडी युद्धनौकेच्या बुरुजासारखं दिसलं, म्हणून हे नाव. मोटर आणि कॉम्प्रेसर दोन्ही एकाच पोलादी कवचात कायमचे बंद केलेले. बाहेर येणारा दांडा नाही, त्यामुळे दांड्याभोवतीच्या सीलमधून होणारी गळती नाही. म्हणून त्यातले काही आजही चालतात आणि अमेरिकेतले हौशी लोक ते शोधून दुरुस्त करतात. गळती शोधायला अमोनियात भिजवलेला बोळा नळीजवळ फिरवतात. सल्फर डायऑक्साइड असेल तिथे पांढरा धूर दिसतो.

पण सगळे फ्रीज असे बंदिस्त नव्हते. १९२६ मध्ये बर्लिनमध्ये फ्रीजच्या वायूने एक अख्खं कुटुंब गेल्याची बातमी आइन्स्टाइनने वाचली आणि लिओ झिलार्डसोबत हलते भाग नसलेल्या फ्रीजवर काम सुरू केलं. १९३० मध्ये त्यांना अमेरिकेत पेटंटही मिळालं, पण तो फ्रीज बाजारात कधी आला नाही. १९२९ मध्ये शिकागोत मिथाइल क्लोराइडने अनेक माणसं दगावली. विषारी नसलेलं द्रव्य शोधण्याचं काम जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीकडे होतं आणि त्यातूनच सीएफसी आले. १९३० साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत त्याने तो वायू छातीत ओढून घेतला आणि फुंकून मेणबत्ती विझवली. म्हणजे वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, दोन्ही एका फुंकरीत सिद्ध! तोच आर-१२. उणे ३० अंशांना उकळणारा, घरात पूर्ण निर्धोक.

१९५८ मध्ये गोदरेजने जनरल इलेक्ट्रिकच्या सहकार्याने भारतात फ्रीज बनवायला सुरुवात केली, तोवर घरगुती फ्रीजमध्ये हा वायू रुळला होता. म्हणून आपल्याकडे जुना देशी फ्रीज मिळाला तर त्यात बहुधा आर-१२ असतो. तरी पाटी वाचल्याशिवाय हात लावू नका. त्याआधीचा परदेशी फ्रीज असेल, तर आत सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असू शकतो.

पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं की हा निरुपद्रवी वायू वर जाऊन फुटतो आणि त्यातला क्लोरीन ओझोन खातो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जगापुढे आलं, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात आला. मिजलीने मेणबत्ती विझवली तेव्हा खोटं काहीच बोलला नव्हता. त्या सभागृहातल्या माणसांना त्या वायूचा खरोखरच धोका नव्हता.

तर वर्कशॉपमध्ये मिस्त्रीकाका हॅक्सॉ घेऊन बसलेले आणि मी हे सगळं त्यांना सांगतोय. ते म्हणाले, "चाळीस वर्षं सोडत आलोय मी गॅस. आम्हाला कोणी सांगितलं न्हाई." यावर काय बोलणार? चूक त्यांची एकट्याची नव्हती. मग तेच म्हणाले, "वाइंडिंग बरी हाय न्हवं? मग कापायचंच कशाला? आधी चालवून तर बघू."

नवा रिले, नवा ओव्हरलोड, अर्थिंगसकट तीन पिनांची नवी वायर. बटण दाबलं. घूंऽऽ करून थरथरला आणि लागला चालायला. वीस मिनिटांनी मिस्त्रीकाकांनी फ्रीजरला बोट लावलं आणि ओलं बोट मला दाखवलं. म्हणजे नळ्या इतकी वर्षं बंदच होत्या. त्या वायूला सध्या तिथल्याइतकी चांगली जागा नाही. कधी गळायला लागलाच तर रिकव्हरी मशीनवाल्याला बोलवायचं, हवेत सोडायचा नाही, हे मी आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवलंय.

मग रंग आणि हँडल. जुनं हँडल तुटलं होतं. पुण्याच्या जुन्या बाजारात तीन रविवार फिरलो, तेव्हा तसंच एक मिळालं. क्रोम चढवून आणलं. दार लोटलं की खटका 'खट्ट' बसायचा. तो आवाज मी दिवसभर सगळ्यांना ऐकवत होतो.

दुसऱ्या दिवशी जाळ्या धुवायला बाहेर काढल्या होत्या. मामेभावाची पाच वर्षांची मुलगी आली, रिकाम्या फ्रीजमध्ये पाय ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "काका, मी इथं लपू?"

तिला उचलून बाहेर घेतलं, तेव्हा माझे हात थरथरत होते. तो खटका आतून उघडत नाही. अमेरिकेत टाकून दिलेल्या अशा फ्रीजमध्ये लपाछपी खेळताना मुलं गुदमरून जात होती. म्हणून १९५६ मध्ये तिथे कायदा झाला आणि ३० ऑक्टोबर १९५८ नंतर बनलेल्या फ्रीजचं दार आतून ढकलून उघडता येणं सक्तीचं झालं. त्या काळात दोन ते पाच वर्षांच्या मुलांवर एक अभ्यासही झाला. फ्रीजसारख्या पेटीत मुलांना थोडा वेळ ठेवून ती काय करतात ते पाहिलं. बरीच मुलं ढकलत होती. काही मात्र काहीच न करता मोठं माणूस येण्याची वाट बघत राहिली. आज आपल्या दारांना चुंबकाची रबरी पट्टी असते, तिच्यामागे हे सगळं आहे.

हे मी वाचलेलं होतं, मंडळी. वाचलेलं असूनही तीन रविवार तो खटका शोधत फिरलो, कारण मला तो 'ओरिजिनल' हवा होता.

त्याच संध्याकाळी चौकटीवरचा खटका काढला. मिस्त्रीकाकांनी आजच्या फ्रीजची चुंबकाची पट्टी मापाने कापून दाराला बसवली. हँडल तेच आहे, चकचकीत, पण नुसतं ओढायला. 'खट्ट' आवाज आता येत नाही. मुलीला आत उभं न करता, वाकून आतून दार ढकलून बघितलं. एका बोटाने उघडतं.

तुमच्याकडे असा फ्रीज पडून असेल आणि दुरुस्त करायचा नसेल, तर आजच त्याचं दार काढून ठेवा. चार स्क्रू असतात फक्त.

आणि हो, मामांच्या रॉडांसाठी भंगारातून दुसरा बंद फ्रीज आणला. शंभर वॉटचा बल्ब त्यात लावलाय. त्याचा खटका मी आणायच्या आधीच तोडून टाकला. भेटू पुढच्या भागात.