बर्फामागचे पाणी

गेल्या चैत्रात आमच्या लष्करातील घरी नवा रेफ्रिजरेटर आला. त्यात आपोआप बर्फ पाडणारे यंत्र, म्हणजे आइस-मेकर, होते. तो बसवायला आलेल्या तरुण कारागिराने पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. "काका, नळाला दाब किती असतो?" सरकारी नोकरीत आयुष्य घालवूनही या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते शोधता शोधता या भागातील बर्फाचा इतिहासच आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

ग्वाल्हेरहून झाशीकडे निघाले की आंतरी हे गाव लागते. १६०२ मध्ये मारल्या गेलेल्या अबुल फजलची कबर तेथे आहे. त्याच्या 'आईन-इ-अकबरी'त पाणी थंड करण्याची कृती दिलेली आहे. पाण्यात सोरा विरघळवायचा आणि पिण्याच्या पाण्याने भरलेली सुरई त्या मिश्रणात काही वेळ फिरवत राहायची. सोरा विरघळताना उष्णता शोषून घेतो, त्यामुळे सुरईतील पाणी गार होते. तोफेच्या दारूत भडकणारा सोरा येथे बादशहाची तहान शमवीत असे. पुढे दरबार लाहोरास गेल्यावर पहाडांतील बर्फ होड्यांतून, गाड्यांतून आणि हमालांच्या डोक्यांवरून येऊ लागले.

मैदानी मुलखात मात्र लोकांनी आणखी एक युक्ती शोधली होती. सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज सेनाधिकाऱ्याने १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे तिचे वर्णन मांडले. अलाहाबादेस मोकळ्या मैदानात दोन फूट खोल उथळ खड्डे खणत आणि त्यांत उसाचा किंवा मक्याच्या ताटांचा जाड थर पसरत. त्यावर मातीची बिनझिलईची पसरट भांडी ओळीने मांडून, उकळून निववलेले पाणी तिन्हीसांजेला त्यांत ओतत. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी असेल, तर पाण्यातील उष्णता आकाशाकडे निघून जाई. सच्छिद्र मातीतून झिरपणाऱ्या पाण्याचे बाष्पीभवन तिला हातभार लावी. खालचा थर जमिनीची ऊब वर येऊ देत नसे. सूर्योदयापूर्वी भांड्यांत बर्फाची चकती धरलेली असे. ती गोळा करून गवताने व कांबळ्याने मढवलेल्या खोल खड्ड्यात ठोकून भरली, की उन्हाळ्यात साहेबाच्या मेजासाठी पुरे. अलाहाबाद ग्वाल्हेरच्या किंचित दक्षिणेस आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या पौषातल्या रात्रींकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो. पहाटेच्या कडाक्यात ती भांडी उचलणाऱ्या मजुरांची नावे मात्र बार्करसाहेबांनी दिलेली नाहीत.

दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० मध्ये आपले लष्कर वसले. त्यानंतर तेवीस वर्षांनी, १८३३ मध्ये, फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याचे 'टस्कनी' जहाज कलकत्त्यास लागले. तळ्यांतून कापलेले सुमारे १८० टन बर्फ घेऊन ते निघाले होते. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातले सुमारे १०० टन शिल्लक होते. पुढल्याच वर्षी मुंबईनेही हे बर्फ पाहिले. पण बंदरापासून दूर असलेल्या आमच्या गावी उन्हाळा निभावण्याची साधने म्हणजे माठ, वाळ्याचे पडदे आणि गच्चीवरची झोप.

फर्दिनां कारे या फ्रेंच संशोधकाने १८५९ मध्ये अमोनियावर चालणारे बर्फाचे यंत्र सिद्ध केले आणि कालांतराने शहरोशहरी बर्फाचे कारखाने निघाले. आमच्या लहानपणी लष्करात बर्फ यायचे ते लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेल्या लादीच्या रूपाने. दुकानदार टोच्याने तुकडा फोडून देई आणि आम्ही तो डब्यात घालून, तो वितळण्याआधी घर गाठण्यासाठी धावत सुटत असू. आमच्या आजी मात्र ते बर्फ तोंडात घालीत नसत. "कोणाचे पाणी, कोणाचा हात, कोण जाणे," असे त्या म्हणत. त्यातली सोवळ्याओवळ्याची भावना आम्हांस तेव्हाही पटत नव्हती, आजही पटत नाही. पण बर्फामागे कोणाचे तरी पाणी आणि कोणाचा तरी हात असतो, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

आमच्या घरी नळाला येणारे पाणी तिघऱ्याचे. माधवराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९१६ मध्ये, सांक नदीवर हे धरण झाले. पुढच्याच वर्षी ते फुटले आणि पुन्हा उभारावे लागले. विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे खडकवासल्यानंतर येथे बसले. ज्या वर्षी पाऊस हुलकावणी देतो, त्या वर्षी शहरास दिवसाआड पाणी मिळते आणि घरोघरच्या टाक्या, बादल्या भरून ठेवाव्या लागतात.

आता कारागिराच्या प्रश्नाकडे वळू. अमेरिकेत १९५३ मध्ये सर्व्हेल कंपनीने घरगुती आइस-मेकर आणला. पातळ नळीतून पाणी येते, विजेची झडप ते मोजून साच्यात सोडते, गोठल्यावर साचा किंचित तापतो किंवा पिळला जातो आणि खडे खालच्या डब्यात पडतात. झडप नीट चालण्यास साधारणपणे चौरस इंचास किमान २० पौंड दाब लागतो. एवढा दाब मिळायचा तर टाकी सुमारे १४ मीटर उंच हवी. आमच्या दुमजली घराच्या गच्चीवरील टाकी स्वयंपाकघरातील नळापासून जेमतेम सात मीटर उंच! वेगळा पंप बसवा, किंवा हाताने पाणी भरायची टाकी असलेला नमुना घ्या, असे दोन मार्ग कारागिराने सुचवले. आम्ही दुसरा पत्करला आणि रेफ्रिजरेटर बदलून आणला.

आता दर दोन दिवसांनी सूनबाई उकळून गार केलेले पाणी त्या टाकीत भरतात. तिन्हीसांजेला भांडी भरणारे अलाहाबादचे ते मजूर अशा वेळी आम्हांस हटकून आठवतात. यंत्राला स्वयंचलित म्हणतात खरे. पण पाणी कोणी भरायचे, हा प्रश्न अडीचशे वर्षांत सुटलेला नाही. परवापासून ती टाकी भरण्याचे काम आम्ही स्वतःकडे घेतले आहे.