समतोल तळाशी असतो

‘ऑन ॲन ईव्हन कील’ हा इंग्रजी वाक्प्रचार आपल्या कानांवर अनेकदा पडतो. आजारातून सावरलेला माणूस, तोट्यातून बाहेर आलेला कारखाना, वाद मिटलेले घर, अशा सगळ्यांसाठी तो वापरतात. आपण मराठीत म्हणतो, ‘गाडी रुळावर आली’. इंग्रज पडले दर्यावर्दी, त्यांना जहाज आठवले. ‘कील’ म्हणजे जहाजाच्या तळाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला कणा. जहाज कुठल्याही अंगाला न कलता पाण्यावर उभे राहिले, की ते ‘ईव्हन कील’वर आहे असे समजायचे.

या समतोलाचे मोल मला उमगले ते स्वीडनच्या ‘वासा’ या युद्धनौकेच्या इतिहासातून. राजा गुस्ताव्ह अडॉल्फस याने ती बांधवून घेतली. तोफांचे दोन मजले, ६४ तोफा, वर कोरीव मूर्तींचा थाट. जहाज स्थिर राहावे म्हणून तळात दगडांचे वजन भरतात, त्याला आपल्याकडे नीरम म्हणतात. ‘वासा’च्या तळात असे सुमारे १२० टन दगड होते. वरच्या डोलाऱ्यापुढे ते अपुरे होते, आणि आणखी भरावेत तर खालच्या तोफांच्या खिडक्या पाण्याला टेकल्या असत्या.

निघण्यापूर्वी तीस माणसांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूकडे पळवून चाचणी घेतली गेली. जहाज इतके डोलू लागले, की नौदलाचे अधिकारी फ्लेमिंग यांनी ती थांबवली. राजा दूर प्रशियात युद्धावर होता आणि जहाजाची घाई करत होता. जहाज काही थांबले नाही.

१० ऑगस्ट १६२८ रोजी ‘वासा’ स्टॉकहोमहून निघाली. जेमतेम १३०० मीटर अंतर गेले असेल, तोच वाऱ्याच्या झोताने ती कलली. तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरले आणि ती बुडाली. सुमारे तीस माणसे गेली. चौकशी झाली, शिक्षा कोणालाच झाली नाही. १९६१ मध्ये ती समुद्रातून वर काढली. आज ती स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे.

म्हणूनच एखादी संस्था आता ‘ईव्हन कील’वर आहे असे कोणी सांगितले, की मी दोन गोष्टी विचारतो. तळात काय भरले आहे? आणि चाचणी मध्येच कोणी थांबवली तर नाही ना?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)