लियू, हुंग
(१७ फेब्रुवारी १९४८ – ७ ऑगस्ट २०२१). चिनी-अमेरिकन तैलचित्रकर्ती. जन्म चीनमधील चांगचुन येथे. वडील क्वोमिंतांग या कम्युनिस्टविरोधी पक्षाच्या सैन्यात असल्याने त्यांना श्रमछावणीत डांबण्यात आले. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (पहा : चीनची सांस्कृतिक क्रांती) १९६८ पासून चार वर्षे लियू यांनी खेड्यात शेतमजुरी केली. पुढे बीजिंगच्या केंद्रीय ललित कला अकादमीत त्या भित्तिचित्रण शिकल्या. १९८४ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या व सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात कलावंत ॲलन कॅप्रो यांच्या विद्यार्थिनी झाल्या. १९९० पासून त्यांनी ओकलंडच्या मिल्स कॉलेजात अध्यापन केले.

समाजवादी वास्तववादाच्या (पहा : वास्तववाद) शिस्तीत त्यांचा हात तयार झाला होता. जुन्या छायाचित्रांतील गणिका, निर्वासित, मजूर त्या मोठ्या कॅनव्हासवर अचूक रेखाटत आणि ओल्या रंगावर जवसाचे तेल ओघळू देत. त्यामुळे आकृत्यांच्या कडा विरघळतात. छायाचित्राचा पुरावा आणि पुसट होणारी स्मृती एकाच पृष्ठभागावर येतात. हेच त्यांच्या शैलीचे मर्म होय. ‘रेसिडेंट एलियन’ (१९८८) या आत्मचित्रात त्यांनी स्वतःचे ग्रीन कार्ड भव्य आकारात रंगविले. त्यावर जन्मवर्ष १९४८ ऐवजी १९८४, म्हणजे स्थलांतराचे वर्ष, घातले आहे. उत्तरकाळात डॉरोथिया लँग यांच्या महामंदीतील छायाचित्रांवरून (पहा : छायाचित्रण) त्यांनी अमेरिकन विस्थापित शेतकरी रंगविले.

ओकलंड येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्याच महिन्यात वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत त्यांच्या व्यक्तिचित्रांचे प्रदर्शन सुरू झाले.