धुंडिराज गोविंद फाळके : ‘खेळ’ रचणाऱ्या चित्रकाराचा व्यवसाय

मराठीत ‘खेळ’ या शब्दाचा व्याप मोठा आहे. सोंगट्यांचा खेळ, गारुड्याचा खेळ, नाटकाचा खेळ आणि चित्रपटाचा दुपारचा खेळ, हे सर्व एकाच शब्दाने सांगितले जातात. ‘पट’ या शब्दाचीही गत अशीच आहे : बुद्धिबळाचा तो पट, ज्ञानदेवांच्या नावाशी परंपरेने जोडला गेलेला मोक्षपट तोही पट, आणि चित्रपट तोही पटच. संगणकाच्या पडद्यावरील व्हिडिओ गेमसाठी आकृती रेखाटून त्यांना हालचाल देणारा चित्रकार आज स्वतंत्र व्यावसायिक म्हणून ओळखला जातो, आणि त्याचा व्यवसाय सर्वस्वी नवा होय असा समज आहे. यंत्रापुरता तो समज खरा आहे. परंतु स्थिर चित्राला एकेका चौकटीने चालविणे, न घडणारी गोष्ट प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत घडवून दाखविणे आणि त्यावर उपजीविका करणे, हा उद्योग नाशिकात १९१३ नंतरच्या काही वर्षांत चांगला रुजला होता. त्याचे कर्ते धुंडिराज गोविंद फाळके यांचा विचार बहुधा भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून केला जातो. चित्रकार-कारागीर म्हणून त्यांचा व्यवसाय कसा चालला आणि तो पुन्हापुन्हा का मोडला, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी एका शास्त्र्याच्या घरी झाला. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले; पुढे बडोद्याच्या कलाभवनाशी त्यांचा संबंध आला. रंगचित्रण, छायाचित्रण, ठसे तयार करणे, तिरंगी छपाई, नेपथ्य ही सर्व कामे त्यांनी हाताने केली. गोध्रा येथे छायाचित्रकाराचा धंदा मांडला असता प्लेगमध्ये पत्नी व अपत्य गमावल्याने तो त्यांना सोडावा लागला. त्यानंतर एका जर्मन जादूगाराकडून त्यांनी जादूची विद्या घेतली व ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने प्रयोग केले. हे नाव लक्षात घेण्याजोगे आहे. उलटा क्रम रोमन वर्णांचा नसून मराठी अक्षरांचा आहे : फा-ळ-के, के-ळ-फा. बाहेरून विलायती भासणाऱ्या या नावाची घडण देशीच होती.

१९०३ पासून काही वर्षे ते पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक होते. ती नोकरी सोडून त्यांनी भागीदारीत छापखाना काढला. यंत्रे पाहण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीस गेले. छपाई नामांकित झाली. तथापि भागीदारांशी बेबनाव होऊन १९११ मध्ये फाळके बाहेर पडले. ज्याच्या हातात कसब त्याच्या हातात कारखाना नाही, हा पेच येथे पहिल्यांदा ठळकपणे दिसतो.

त्याच वर्षी मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला व मार्ग ठरला. १९१२ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणि फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र मिळविले. परतल्यावर त्यांनी प्रथम जे चित्रण केले त्यात नट नव्हता, कथाही नव्हती. कुंडीत वाटाण्याचे बी लावून महिनाभराहून अधिक काळ त्यांनी त्याची रोज एक चौकट टिपली. पडद्यावर अंकुर मिनिटभरात वाढून वेल होताना दिसला, आणि तेवढ्यावर भांडवल देणारा गृहस्थ मिळाला. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट. एका फुटात सोळा चौकटी धरल्यास ही संख्या ५९,००० च्या वर जाते. कोऱ्या फितीस रात्री अंधारात छिद्रे पाडणे, रसायने कालविणे, उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतविणे आणि कामावरील साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करणे ही कामे सरस्वतीबाई फाळके करीत. हे नाव श्रेयनामावलीत येत नाही. तारामतीचे काम करण्यास स्त्री मिळाली नाही, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. चित्रपटात काम करणे लोकांत हलके मानले जाई. तेव्हा कोणी विचारल्यास ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहे’ असे सांगावे, अशी शिकवण फाळके आपल्या माणसांना देत, असे सांगितले जाते. आख्यायिकेचा भाग सोडला तरी ‘फॅक्टरी’ हा शब्द यथार्थ होता.

त्यानंतर फाळक्यांनी बिऱ्हाड व कारखाना दोन्ही नाशिकात आणली. पौराणिक पटांबरोबर त्यांनी काही लहान चित्रे केली. त्यांपैकी ‘आगकाड्यांची मौज’ येथे विशेष महत्त्वाचे आहे. निर्जीव काड्या पडद्यावर आपोआप हलून आकार धारण करतात, एवढाच त्याचा विषय. पद्धत सोपी पण जिकिरीची : एक चौकट घ्यावी, काडी किंचित सरकवावी, पुन्हा एक चौकट घ्यावी. सेकंदास सोळा चौकटींच्या हिशेबाने मिनिटभराच्या दृश्यास ९६० चौकटी लागतात. संगणकावर आकृतीस चाल देणाऱ्याचे मूळ गणित हेच आहे. ‘लंकादहन’ (१९१७), ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) व ‘कालियामर्दन’ (१९१९) यांतील चमत्कार याच हाताचे. ‘श्रीकृष्णजन्मा’त कंसाला स्वतःचे शिर धडावेगळे झालेले दिसते, तेथे केल्फाची जादू व छायाचित्रकाराचा दुहेरी ठसा एकत्र आले आहेत. भक्तिभावामुळे ही चित्रे चालली असे सरसकट म्हटले जाते. ते अपुरे आहे. प्रेक्षक करामत पाहण्यासही येत होता.

१९१८ च्या आरंभी ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. वामन श्रीधर आपटे व्यवस्थापक भागीदार, फाळके काम करणारे भागीदार, आणि पैसा मुंबईच्या व्यापाऱ्यांचा. कामे वाटली गेली, हिशेब ठेवले जाऊ लागले. खर्चास मर्यादा हवी हे धनिकांचे म्हणणे अवाजवी नव्हते. परंतु चित्र, नेपथ्य, कॅमेरा, जादू व जोडणी ही ज्याच्या मनात एकच क्रिया होती, त्याला तिचे विभाग मानवले नाहीत. छापखान्यातला पेच पुन्हा उभा राहिला. फाळके राजीनामा देऊन काशीस गेले व तेथे त्यांनी ‘रंगभूमि’ हे नाटक लिहिले. काही वर्षांनी ते नाशिकच्या कंपनीत परतले, ते मात्र जुन्या अधिकाराने नव्हे. १९१४ च्या लंडनभेटीत तेथे राहून चित्रे काढण्याचे निमंत्रण त्यांनी नाकारले होते, ही गोष्ट या संदर्भात आठवते.

‘सेतुबंधन’ (१९३२) मुका तयार झाला व मागाहून त्यास आवाज जोडावा लागला. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव मुळातला बोलपट कोल्हापूर सिनेटोनसाठी, म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात झाला. तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रपटांपैकी फारच थोडी फीत आज उरली आहे. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या लघुपटाचा एक तुकडा तीत आहे. त्यात फाळके स्वतः दिसतात, नटांना हावभाव शिकविताना आणि फीत हातात धरून न्याहाळताना.